चिमुकल्या पावलांची प्रावेशिकी



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने उतारवयात हे भलतंच काय काढलं! बालवाडीच्या निरोप समारंभात मुलं मांडवात येतात तेव्हा पियानोवर कोणते सूर वाजवावेत, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आम्ही गेले दोन महिने याच प्रश्नात अडकलो आहोत. जसजसं खणावं तसतसा इतिहास वर येतो आहे.

घडलं ते असं. गेल्या वर्षी माकुणसारपासून फार लांब नसलेल्या एका बालवाडीने आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. मुलांना काळे झगे, डोक्यावर चौकोनी टोप्या. स्पीकरवर पियानोचं रेकॉर्डिंग सुरू झालं आणि एकेक मूल दारातून मंचाकडे निघालं. सूर मोठे भारदस्त. मुलं मात्र कोणी धावतंय, कोणी मध्येच थांबून आईला शोधतंय. शेवटची मुलगी जरा हळू चालणारी होती. ती मांडवाच्या मध्यावर आली आणि रेकॉर्डिंग संपलं. उरलेली वाट ती तशीच, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत चालली. तिचा चेहरा असा झाला होता, जणू तिचंच काही चुकलं. यंदा तिथल्या बाई आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, या वेळी गाणं तुम्हीच सुचवा."

सुचवण्याआधी आम्ही गेल्या वर्षीच्या सुरांचं मूळ शोधलं. ती चाल एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराची, १९०१ सालची. 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' या मालिकेतलं पहिलं संचलन. हे नाव शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तल्या तिसऱ्या अंकातून आलं. ऑथेल्लो तिथे काय करतो आहे? लष्करी वैभवाचा निरोप घेतो आहे! पुढे १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी केलेल्या रचनेत हीच चाल शब्दांसह आली, आणि ती साम्राज्याच्या अभिमानाचं गाणं झाली. १९०५ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने एल्गार यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा हे संचलन वाजलं ते समारंभ संपून मंडळी बाहेर पडताना. मग इतर विद्यापीठांनी ते उचललं, आणि बघता बघता ते पदवीधरांच्या आगमनाचं संगीत बनलं. म्हणजे बघा, निरोपाच्या भाषणातलं नाव, राजासाठी वापरलेली चाल, जाताना वाजलेले सूर. आणि ते आम्ही पाच वर्षांच्या पोरांच्या प्रवेशाला लावले.

आता कोणी म्हणेल, येणं काय नि जाणं काय, सूर तो सूर. आपल्या भरतमुनींना हे पटलं नसतं. नाट्यशास्त्रात ध्रुवा नावाची गीतं सांगितली आहेत, पाच प्रकारची. त्यातली पहिली प्रावेशिकी, पात्र रंगमंचावर येतानाची. आणखी एक नैष्क्रामिकी, पात्र निघून जातानाची. दोन्ही वेगळ्या. पात्राची चाल कशी असावी, याचाही तिथे सविस्तर विचार आहे. राजा विलंबित लयीत चालतो, सामान्य माणूस द्रुत लयीत. कोण येतो आहे आणि कोणत्या भावात येतो आहे, हे ठरल्यावर मग संगीत. आमच्या समारंभात गाडी नेमकी उलटी लागली होती. संगीत आधी ठरलं, आणि मुलांनी त्यात बसायचं.

मग कोण येतं आहे, हा प्रश्न आपण विचारू या. येतं आहे ते बालवाडीतलं मूल. जर्मनीतल्या फ्रोबेलने १८४० साली आपल्या शाळेला जे नाव दिलं, त्याचा अर्थ मुलांची बाग. आपल्या या किनाऱ्यावर वाडी म्हणजे बागायतच, पानवेलीची, नारळाची, चिकूची. तेव्हा बालवाडी हा शब्द माकुणसारच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. रोप ओढून लांब होत नाही, हेही त्याला सांगावं लागत नाही.

पियानोचंही तसंच. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. पुढे त्यांच्या शाळांत पियानोवर एकच छोटी चाल पुन्हा पुन्हा वाजवली जाई. 'एक-दोन, एक-दोन' असा हुकूम नाही. मुलं आधी नुसती धावत, मग केव्हातरी त्यांचं त्यांनाच उमगे की पाऊल आणि सूर जुळतो आहे. तिथे पियानो सेनापती नव्हता, सोबती होता.

माँटेसरींचा हा विचार आपल्या दाराशी आणला ताराबाई मोडकांनी. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून त्या आल्या, आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ सोबत आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी, कोसबाड दोन्ही आपल्याच पालघर जिल्ह्यात. परदेशी साहित्य महाग, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती हेच साहित्य केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शिक्षिका कुरणात गेल्या, त्याला नाव पडलं कुरणशाळा. या सगळ्याचं सार आम्ही एका वाक्यात सांगू: मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेने उठून मुलाकडे जायचं. मग सुरांनी का जाऊ नये?

आणि हे आपल्याला नवीन नाही. भजनात बुवांनी आलाप लांबवला तर पेटीवाला पुढे पळतो का? तो थांबतो, बुवांच्या तोंडाकडे बघतो, समेवर भेटतो. याला आपण साथ म्हणतो. वारल्यांच्या तारपा नाचात नाचणारे सुरामागे जातात, हे खरं. पण तो सूर काढणारा तारपकरी त्यांच्यातच असतो, चालता-फिरता, पावलांवर नजर ठेवून. रेकॉर्डिंगला डोळे नसतात. गेल्या वर्षी आमचं चुकलं ते इथे.

मग आम्ही बाईंना काय सांगितलं? पहिलं, रेकॉर्डिंग नको. शाळेत कीबोर्ड आहे, पियानोचा आवाज त्यात आहे, तुम्ही स्वतः वाजवा. खरा पियानो आपल्या खाऱ्या, दमट हवेत सांभाळणं कठीणच. दुसरं, चाल अशी घ्या की ती कुठल्याही आवर्तनानंतर थांबवता येईल. पाखेलबेल या जर्मन संगीतकाराचा 'कॅनन' जगभर समारंभांना वाजतो, त्याचं एक कारण आम्हाला हेच दिसतं. खाली आठ सुरांचा एकच पाया, तो २८ वेळा फिरतो. मुलं लवकर आली तर आधी थांबा, उशिरा आली तर आणखी फिरवा. पण एवढंही लांब जायला नको. मुलं वर्षभर रोज सकाळी जी प्रार्थना म्हणतात, तिचीच चाल केहरव्यात घ्या. आठ मात्रा, सोपं काम. ओळखीचा सूर कानावर पडला की पाऊल बिचकत नाही. तिसरं, कीबोर्ड अशा जागी ठेवा की तुम्हाला दार दिसेल. शेवटचं मूल जागेवर बसेपर्यंत बोटं थांबवायची नाहीत.

बाईंनी विचारलं, "आणि जाताना काय वाजवू?" आम्ही म्हटलं, भरतमुनींनी सोय केली आहे, नैष्क्रामिकी. जाताना मुलांना मोकळं सोडा, हवं ते गाऊ द्या, धावू द्या. झगे आणि टोप्या यांबद्दल आमचं मत कोणी विचारलेलं नाही, म्हणून आम्ही ते राखून ठेवतो.

समारंभ पुढच्या आठवड्यात आहे. ती हळू चालणारी मुलगी आता पहिलीत गेली. तिची चूक नव्हती, तिच्याकडे बघून वाजवणारं तिथे कोणी नव्हतं, एवढं तिला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते आमच्याकडून राहून गेलं.