उत्तर खरे, प्रश्न खोटा

१९९०च्या दशकात मी पुण्यातल्या एका लहानशा एडिटिंग रूममध्ये कामाला होतो. शिक्षण बी.कॉम., पण टेप जोडण्याचे काम बघून बघून शिकलो होतो. एका माहितीपटासाठी दुष्काळी गावातल्या एका निवृत्त गुरुजींची मुलाखत आमच्याकडे आली. त्यांना प्रश्न विचारला होता, 'टँकर येतो का?' ते म्हणाले होते, 'हो, येतो की. रोज येतो.' पडद्यावर मात्र निवेदक विचारतो, 'योजनेचे पाणी घरोघर येते का?' आणि गुरुजी उत्तर देतात, 'हो, येतो की. रोज येतो.' 'येतो' आणि 'येते' यांतला फरकही कोणाच्या कानाला खटकला नाही. जोड मीच मारला होता. वरिष्ठांनी सांगितले आणि मी केले. गावात माहितीपट दाखवला तेव्हा गुरुजी माझ्याजवळ येऊन एवढेच म्हणाले, "तोंड माझं आहे बाळ, शब्दही माझेच. पण मी हे बोललो नाही."

पुढे कित्येक वर्षांनी अमेरिकेतल्या भाच्याने काही डीव्हीडी आणून दिल्या. "मामा, तुझ्या कामाचं आहे," असे म्हणाला. कार्यक्रमाचे नाव होते 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट'. कार्टूनमधला एक मुखवटाधारी वीर टेबलामागे बसून जिवंत माणसांच्या मुलाखती घेतो. पहिला भाग पाहताना मी हसलो आणि दुसऱ्या भागात एकदम गप्प झालो. मी चोरून केलेले काम ही मंडळी भर चौकात करत होती.

या वीराचा जन्म १९६६चा. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या स्टुडिओने सीबीएस वाहिनीवरच्या शनिवार सकाळच्या मुलांसाठी तो तयार केला. रेखाटन कॉमिक्सचे नामवंत चित्रकार अ‍ॅलेक्स टॉथ यांचे होते. हे दोघे पूर्वी एमजीएममध्ये 'टॉम अँड जेरी' करत. १९५७मध्ये तिथला कार्टून विभाग बंद झाल्यावर त्यांनी टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत बसेल अशी रीत रुळवली. शरीर स्थिर ठेवायचे, फक्त ओठ किंवा हात हलवायचा, आणि तीच चाल, तेच उड्डाण पुन्हा पुन्हा वापरायचे. त्यामुळे स्पेस घोस्टच्या मूळ भागांत तीच ती चित्रे सतत दिसतात.

१९९१मध्ये टेड टर्नर यांनी हॅना-बार्बेराचा हा सगळा संग्रह विकत घेतला आणि १ ऑक्टोबर १९९२ रोजी कार्टून नेटवर्क सुरू केले. आपल्याकडे ती वाहिनी १९९५मध्ये आली. दिवसा कार्टून आणि रात्री टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट, हे अनेकांना आठवत असेल. अटलांटातल्या मूळ वाहिनीकडे जुन्या कार्टूनांची कोठारे भरलेली होती, पण नवे करायला पैसा फारसा नव्हता. तिथल्या माइक लाझो यांनी टर्नर कंपनीत टपाल वाटण्याच्या विभागातून सुरुवात केली होती. त्यांच्या लक्षात आले की रात्री ही वाहिनी मोठी माणसेही पाहतात. मग जुन्याच चित्रांतून मोठ्यांसाठी काही का करू नये?

त्या काळात अमेरिकेत रात्रीच्या टॉक शोची मोठी रणधुमाळी चालू होती. तीस वर्षे 'टुनाइट शो' चालवणारे जॉनी कार्सन २२ मे १९९२ रोजी निवृत्त झाले. त्यांची खुर्ची जे लेनो यांना मिळाली, तेव्हा डेव्हिड लेटरमन १९९३मध्ये एनबीसी सोडून सीबीएसवर गेले. टेबल, खुर्ची, बाजूला वाद्यवृंद आणि हसतमुख पाहुणा हा साचा अमेरिकी प्रेक्षकाला तोंडपाठ होता. विडंबनाला असा तोंडपाठ साचा लागतोच.

१५ एप्रिल १९९४ रोजी पहिला भाग दाखवला गेला. वेळ पंधरा मिनिटांची. स्पेस घोस्ट टेबलामागे. झोरॅक हा त्याचा जुना शत्रू, म्हणजे एक प्रचंड नाकतोडा, कैदी म्हणून वाद्यवृंद सांभाळतो. लाव्हाने भरलेला मोल्टार हा दुसरा कैदी दिग्दर्शकाच्या खोलीत बसतो. दोघेही मालकाचा मनापासून द्वेष करतात. पाहुणा मात्र खराखुरा असतो आणि वरून खाली येणाऱ्या टीव्हीच्या पडद्यावर दिसतो. १९६६च्या चित्रफितींतल्या आकृती कापून संगणकावर नव्या पार्श्वभूमीवर बसवल्या होत्या. जुन्या साड्यांची गोधडी शिवावी तसा हा प्रकार. हालचाली मोजक्याच असल्याने संवादांत लांबलचक शांतता यायची, आणि झोरॅकने नुसती पापणी लववली तरी हसू यायचे. गरिबीतून आलेली ही शांतताच पुढे त्यांची शैली ठरली.

पण खरा मुद्दा मुलाखतीचा. पाहुण्याचे चित्रीकरण आधी व्हायचे. कॅमेऱ्यामागचा माणूस त्याला प्रश्न विचारायचा. मग लेखक आणि संकलक उत्तरांची टेप घेऊन बसायचे आणि त्या उत्तरांना शोभतील, किंवा मुद्दाम शोभणार नाहीत, असे नवे प्रश्न लिहायचे. ते प्रश्न जॉर्ज लो यांच्या भारदस्त आवाजात स्पेस घोस्टच्या तोंडी घातले जायचे. पाहुण्याला पुरेसा ऑक्सिजन मिळतो आहे ना, अशी चौकशी तो गंभीरपणे करतो. पाहुणा क्षणभर थांबतो, भुवया उंचावतो. ती भुवई खरी, पण ती ज्या प्रश्नावर उंचावली तो प्रश्न हा नव्हेच. एका भागात कॉनन ओब्रायन हा स्वतः टॉक शो चालवणारा माणूस पाहुणा आहे. यजमान त्याला सोडून एका मुंगीमागे निघतो आणि बराच वेळ नुसता तिच्या मागे चालत राहतो.

ही फसवणूक नव्हे काय, असा प्रश्न मला पडला. माझे उत्तर असे आहे. मुलाखत घेणाऱ्याचे मान डोलावणे पाहुणा निघून गेल्यावर वेगळे चित्रित करणे ही टीव्हीच्या धंद्यातली जुनी रीत. उत्तर छाटणे, क्रम बदलणे हे तर रोजचेच. गंभीर कार्यक्रम हे सांधे दिसू देत नाहीत. या कार्यक्रमाने ते उघडे ठेवले. १९६६चा रंगवलेला माणूस १९९४च्या जिवंत माणसाशी बोलू शकत नाही, हे पाहणाऱ्याला पहिल्या मिनिटापासून ठाऊक असते. बहुरूप्याचे सोंग सोंग म्हणूनच दारात येते, त्यात कोणी फसत नाही. फसवतो तो सोंग न सांगणारा.

या छोट्या प्रयोगाचे वंशज पुष्कळ झाले. जुन्या कार्टूनांतून 'सीलॅब २०२१' आणि 'हार्वी बर्डमन' आले, आणि २ सप्टेंबर २००१ रोजी मोठ्यांसाठीचा 'अ‍ॅडल्ट स्विम' हा रात्रीचा विभाग सुरू झाला. करणारी माणसे मात्र एकेक करून गेली. संगीत देणारे जॅझ गिटारवादक सॉनी शॅरॉक पहिल्या भागानंतर सहा आठवड्यांच्या आत, वयाच्या ५३व्या वर्षी वारले. १९९६मध्ये त्यांच्या वादनालाच एक भाग वाहिला गेला. झोरॅक आणि मोल्टार या दोघांनाही आवाज देणारे आणि स्वतः अ‍ॅनिमेशन करणारे सी. मार्टिन क्रोकर २०१६मध्ये गेले, जॉर्ज लो २०२५च्या मार्चमध्ये.

अभ्यासक म्हणून मला या कार्यक्रमाने एक धडा दिला. उत्तर हा अर्धाच पुरावा असतो. उरलेला अर्धा प्रश्नात असतो, आणि संग्रहालयांतून, वृत्तपत्रांच्या कात्रणांतून नेमका तोच हरवलेला असतो. गुरुजींची मूळ टेप पुढे दुसऱ्या कामासाठी पुसून वापरली गेली. त्यांना खरोखर काय विचारले होते, हे आता माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. माहितीपट मात्र शिल्लक आहे. उद्या कोणी संशोधक तो पाहील आणि त्या वर्षी त्या गावात योजनेचे पाणी घरोघर पोचले होते, अशी नोंद करील.

म्हणून ती गोष्ट इथे लिहून ठेवली. प्रश्न टँकरचा होता.