भरवसा आणि बडतर्फी

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवरही सर्वांना ठाऊक असते. हा नियम आला कोठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

1855 साली मद्रास इलाख्यात एका आयोगाने महसूल वसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करून घेण्यासाठी होणाऱ्या छळाची चौकशी केली. छळ होतो, हे कंपनी सरकारच्याच आयोगाला मान्य करावे लागले. पुढे 1872 च्या पुरावा कायद्यात पंचविसावे कलम आले. पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे ते सांगते. राज्यकर्त्यांनी आपल्याच पोलिसावरचा अविश्वास असा कायद्यात लिहून ठेवला. 1902-03 च्या फ्रेझर आयोगालाही पोलीस खाते भ्रष्ट आणि जुलमी दिसले. इंग्रज गेले, पण हा नियम राहिला. 2024 मध्ये लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही तो आहे.

त्याच इंग्रजी अमलातून आपल्याकडे दुसरीही एक गोष्ट आली, ती म्हणजे सरकारी नोकराचे संरक्षण. 1919 आणि 1935 च्या कायद्यांतून आलेले हे संरक्षण संविधानाच्या 311 व्या कलमात आहे. आरोप कळवल्याशिवाय आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय कोणाला बडतर्फ करता येत नाही. हे योग्यच आहे. पुढाऱ्याच्या मर्जीवर नोकरी असती, तर प्रामाणिक फौजदार एक दिवस टिकला नसता. या कलमाला अपवादही आहेत. चौकशी करणे व्यवहार्य नाही, असे कारण लेखी नोंदवून चौकशीविना बडतर्फ करता येते. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने तो अपवाद वैध ठरवला. म्हणजे अपात्र माणसाला दूर करण्याचा रस्ता कायद्यात होताच. प्रश्न फक्त तो कोणासाठी उघडतो, एवढाच.

1992-93 च्या मुंबई दंगलींनंतर न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने 31 पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला. त्या अहवालाचे पुढे काय झाले, हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आम्हाला बोलायचे आहे ते परभणीच्या एका मुलाबद्दल.

ख्वाजा युनूस सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, दुबईत नोकरीला. 2 डिसेंबर 2002 रोजी घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला आणि त्याच महिन्यात त्याला पकडले गेले. पकडले ते पोटा कायद्याखाली. ज्या कायद्याने पंचविसाव्या कलमाची भिंत पाडून वरिष्ठ पोलिसापुढचा कबुलीजबाब ग्राह्य ठरवला, तोच हा कायदा. जानेवारी 2003 मध्ये पोलिसांनी सांगितले की, औरंगाबादला नेताना वाटेत पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सोबतच्या आरोपीने मात्र सांगितले की, कोठडीत त्याला मारले जात होते आणि तो रक्त ओकत होता. सीआयडीच्या तपासात पलायनाची कथा टिकली नाही. त्याचा मृतदेह आजवर मिळालेला नाही. ना जनाजा, ना कबर. 2005 मध्ये त्या स्फोट खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. युनूस जिवंत असता, तर तोही त्यांच्यात असता, असे मानायला जागा आहे.

सीआयडीने 14 पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली. शासनाने ती चौघांपुरती दिली. त्या चौघांना उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2004 मध्ये निलंबित केले गेले. त्यांत सहायक निरीक्षक सचिन वाझे होते. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे ठरवण्याचे काम कोर्टाचे, आमचे नव्हे. पण निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे, आणि खात्याची चौकशी कोर्टाच्या निकालासाठी अडून राहायलाच हवी असेही नाही. दोन्ही रस्ते वेगळे आहेत. इथे दोन्हीही संपले नाहीत. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने आईला भरपाई देण्याचा आदेश दिला. पैसे शासनाचे, म्हणजे तुमचे-आमचे.

जून 2020 मध्ये करोनाच्या काळात मनुष्यबळ कमी आहे, असे सांगून चौघांनाही पुन्हा सेवेत घेतले. वाझे गुन्हे शाखेत मोठ्या तपासांवर आले. म्हाताऱ्या आईने न्यायालयाच्या अवमानाची याचिका केली.

मग 25 फेब्रुवारी 2021 रोजी देशातल्या सर्वांत श्रीमंत उद्योगपतींपैकी एकाच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली गाडी सापडली. 13 मार्चला एनआयएने वाझे यांना अटक केली. 11 मे रोजी 311 व्या कलमातल्या त्याच अपवादाखाली, चौकशीविना, ते बडतर्फ झाले.

चौकशीविना बडतर्फीचे आम्हाला कौतुक नाही. ते हत्यार उद्या एखाद्या भल्या शिपायावरही चालेल. आम्ही फक्त तारखा मोजतो. अटकेपासून बडतर्फीपर्यंत 2021 मध्ये दोन महिनेही लागले नाहीत. परभणीच्या आईने सतरा वर्षे वाट पाहिली होती, आणि तेवढ्यात गेलेला गणवेश परत आलेला तिला पाहावा लागला होता.