फ्रॉईडचे सिगारविना सात आठवडे

१८९४ साली व्हिएन्नातल्या एका सदतीस वर्षांच्या डॉक्टरने सिगार सोडली. हा डॉक्टर म्हणजे सिग्मंड फ्रॉईड, दिवसाला वीसेक सिगार ओढणारा. हृदयाची तक्रार सुरू झाली होती आणि बर्लिनमधला त्याचा जवळचा मित्र, नाक-घशाचा डॉक्टर विल्हेल्म फ्लीस याने धूम्रपान बंद करायला बजावलं होतं.

पुढे काय झालं ते फ्रॉईडने फ्लीसला लिहिलेल्या पत्रांतून कळतं. ही पत्रं पूर्ण स्वरूपात १९८५ साली छापली गेली. छातीत धडधड, ठोक्यांची गडबड, उदासी. एरवी कामाने भरलेल्या डोक्यात मृत्यूची आणि निरोपाची चित्रं येऊ लागली. सगळ्यात वाईट तगमग साधारण तीन आठवड्यांत ओसरली, पण कामात मन लागेना. सातव्या आठवड्यानंतर त्याने पुन्हा सिगार पेटवली. लगेच काम सुचू लागलं, मूड ताब्यात आला. फ्रॉईडचा निष्कर्ष सरळ होता: सिगारशिवाय आपलं चालत नाही.

दुसऱ्यांच्या मनाचा तळ शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या उदासीचं हे कोडं सुटलं नाही, कारण त्या काळी त्यासाठी भाषाच नव्हती. तंबाखू ही ‘सवय’ मानली जायची. अगदी १९६४ साली, धूम्रपानाने पुरुषांना फुप्फुसाचा कर्करोग होतो असं ठणकावणाऱ्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालातही तंबाखूला व्यसन म्हटलेलं नव्हतं. तंबाखू सोडल्यावरच्या त्रासाला अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत जागा मिळाली ती १९८० साली. आणि निकोटीनचं व्यसन हेरॉईन-कोकेनसारखंच असतं, हे सर्जन जनरलने १९८८ साली सांगितलं.

नाव मिळाल्याने काय बदललं? त्रासाला मुदत मिळाली. चिडचिड, बेचैनी, उदासी, झोप उडणं, लक्ष न लागणं, सारखी भूक ही लक्षणं पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतात आणि बहुतेकांची दोन ते चार आठवड्यांत उतरतात. फ्रॉईडचे तीन आठवडे या हिशेबात चपखल बसतात.

त्याच्या ‘पुराव्या’तली गोमही आता कळते. रोजच्या निकोटीनला मेंदू सरावतो. ते तुटलं की अस्वस्थता येते, पुन्हा मिळालं की ती थांबते. म्हणजे सिगारेट शांत करते ती बऱ्याचदा तिनेच लावलेली आग. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ज्यांनी धूम्रपान सोडलं त्यांची चिंता, नैराश्य आणि ताण न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला दिसला.

म्हणून सोडल्यावर चौथ्या दिवशी कुणावर तरी खेकसलात, किंवा उगाच रडू आलं, तर ‘माझा स्वभावच असा’ असा निकाल देऊ नका. ते दिवस मोजा. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. चहानंतरची ती पाच मिनिटं चालण्यात घालवा. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगगम डॉक्टरांना विचारून घेता येतात. आणि महिना उलटूनही उदासी हटत नसेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मुदतीची वाट न पाहता डॉक्टर गाठा. तो त्रास फक्त सिगारेटचा नसू शकतो.

फ्रॉईडने नंतरही सोडण्याचे प्रयत्न केले. १९२३ साली त्याच्या तोंडात कर्करोग सापडला, तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटली नाही. त्याची इच्छाशक्ती कमी होती असं कोण म्हणेल? तीन आठवडे तर त्याने काढलेच होते. ते कशाचे होते, एवढंच त्याला सांगणारं कुणी नव्हतं.