वडील दिव्यांग असतील तर मुलांच्या पोटगीचे काय?

तलाक, खुला किंवा नुसते वेगळे राहणे झाले की मुलांच्या खर्चाचा प्रश्न येतोच. पण वडिलांचा अपघातात हात गेलेला असेल, पॅरालिसिस झालेला असेल, घर सरकारी मानधनावर चालत असेल तर? अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आपल्या वस्त्यांमध्ये यावर दोन ठाम मते ऐकू येतात. एक, "अपंगाला पोटगी लागतच नाही." दुसरे, "त्याची सगळी पेन्शन मुलांच्या नावावर करून घेता येते." दोन्ही चुकीची आहेत.

आधी कायदा बघू. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, आणि तो सर्व धर्मांच्या कुटुंबांना लागू आहे. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याचा हवाला देऊन "मुलांचा खर्च फक्त दोन वर्षे" असे आजही सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच नूर सबा खातून प्रकरणात ही समजूत खोडून काढली. मूल सज्ञान होईपर्यंत किंवा त्याआधी स्वतः कमावते होईपर्यंत, आणि मुलीच्या बाबतीत तिचे लग्न होईपर्यंत, बापाची जबाबदारी राहते.

आता दिव्यांगत्व. कलम १४४ चा सगळा भर 'पुरेसे साधन' असण्यावर आहे. नोकरी नाही म्हणून हात वर करणाऱ्या नवऱ्यांना न्यायालये दाद देत नाहीत. धडधाकट माणसाने मजुरी करून का होईना, बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात बजावले. पण इथला कळीचा शब्द 'धडधाकट' हा आहे. जो नाही त्याला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ७५ टक्के दिव्यांगत्व आलेल्या पतीवरची सक्तीची वसुली थांबवली होती. ते प्रकरण पत्नीच्या पोटगीचे होते, मुलांच्या नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

म्हणजे नुसते प्रमाणपत्र दाखवून सुटका होत नाही. ४० टक्क्यांचा दाखला योजनांसाठी उपयोगी पडतो. माणूस किती कमावू शकतो, हे त्यावरून ठरत नाही. समजा, एमआयडीसीत मशीनवर दोन बोटे गमावलेला माणूस आज मोबाईल दुरुस्तीचा गाळा चालवतो आणि गावच्या घराचे भाडेही घेतो. त्याच्याकडे साधन आहे. जो अंथरुणाला खिळला आहे, त्याची गोष्ट वेगळी. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. आजारपण आणि दिव्यांगत्वाचा खर्चही विचारात घ्यायला सांगितले. औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद जपून ठेवा, ते आम्ही सांगतो यासाठीच.

मिळणारे पैसे कुठले आहेत, यावरही बरेच अवलंबून असते. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे मानधन २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० रुपये झाले. एवढ्यातून माणसाचे स्वतःचेच भागत नाही, हे न्यायाधीशांनाही दिसते. कारखान्यातल्या अपघातानंतर ईएसआयकडून मिळणारा लाभ वेगळा. कायमचे आणि पूर्ण अपंगत्व आले तर तो मजुरीच्या ९० टक्के असतो. ईएसआय कायद्याच्या कलम ६० नुसार ही रक्कम कोर्टाच्या हुकमानेही जप्त होत नाही. पण जप्त होत नाही म्हणून ती लपवायची नाही. प्रतिज्ञापत्रात लिहावीच लागते. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या पेन्शनचे तसे नाही. पोटगीच्या थकबाकीसाठी तिच्यावर टाच आणता येते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये म्हटले.

आपल्या फिकहमध्येही हा विचार पूर्वीपासून आहे. सूरह तलाकची सातवी आयत तंगीत असलेल्यालाही पूर्ण मोकळीक देत नाही आणि ऐपतीपलीकडचे ओझेही टाकत नाही. न्यायालयांत नेहमी काढल्या जाणाऱ्या मुल्ला यांच्या ग्रंथात पायऱ्या स्पष्ट आहेत. बाप गरीब आणि कमावण्यास असमर्थ असेल तर ऐपतदार आईने मुलांचा नफका द्यायचा. तीही गरीब असेल तर ऐपतदार दादांनी. जमातीच्या बैठकीत समझोता करताना दादांना विचारायला लोक संकोचतात. आमच्या मते तो संकोच मुलांना महागात पडतो.

वडिलांनी एक चूक अजिबात करू नये. हुकूम झाल्यावर दिव्यांगत्व आले म्हणून परस्पर पैसे थांबवणे, ही ती चूक. थकबाकी साचते, तुरुंगवासही होऊ शकतो आणि तुरुंगात गेल्याने थकलेले पैसे माफ होत नाहीत. परिस्थिती बदलली तर कलम १४६ खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच करा. आईनेही थकबाकीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा.

बापाकडे खरेच काही नसेल तर? पोटगी न मिळणाऱ्या किंवा अगदी कमी मिळणाऱ्या घटस्फोटित महिलांना संजय गांधी योजनेत अर्ज करता येतो. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आहेत. घाटकोपर-मुलुंडवाल्यांचा तालुका कुर्ला. शिवाय एकपालक आणि अडचणीतल्या कुटुंबांतील मुलांसाठी बाल संगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात.

पोटगीचा दावा वांद्रे-कुर्ला संकुलातील कौटुंबिक न्यायालयात चालतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याचे कलम १२ बघा. स्त्रिया, मुले आणि दिव्यांग व्यक्ती, तिघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. म्हणजे अशा दाव्यात आई आणि दिव्यांग वडील दोघेही १५१०० या क्रमांकावर फोन करू शकतात.