तीन भाऊ, एक रुपया आणि न संपणारा दशांश

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. वाचायच्या आधी एक काम करा. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर उघडा आणि १ भागिले १६ करा. उत्तर येतं ०.०६२५. चार आकडे, विषय संपला. आता १ भागिले ३ करा. तीन, तीन, तीन, तीन... रांग स्क्रीनच्या कडेला जाऊन थांबते. खरं तर रांग थांबत नाही, आपली स्क्रीन संपते.

शाळेच्या पुस्तकात पहिल्याला खंडित दशांश रूप म्हणतात आणि दुसऱ्याला अखंड आवर्ती. मी सातारा-सांगलीकडच्या पोरांना गणित शिकवतो. हा धडा आला की मागच्या बाकावरून प्रश्न ठरलेला: "सर, ह्याचा उपयोग काय?" त्याचं उत्तर द्यायला मी त्यांना १९५७ सालात घेऊन जातो.

त्याआधीचा रुपया कसा होता बघा. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै. "सोळा आणे खरं", "पै-पै जोडून घर उभं केलं" हे आपण आजही बोलतो, ते त्याच हिशोबातून आलेलं. त्या काळची मुलं नुसते पाढे नाही, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीसुद्धा पाठ करायची. पाव, अर्धा, पाऊण हे त्यांच्या तोंडात बसलेलं असायचं. दशांश चिन्हाशिवाय अख्खा बाजार चालायचा.

आता तीन भावांना एक रुपया सारखा वाटा. प्रत्येकाला ५ आणे ४ पै. तपासून बघा: पाच त्रिक पंधरा आणे, चार त्रिक बारा पै म्हणजे आणखी एक आणा. झाले सोळा. बाकी शून्य, भांडण शून्य.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला आणि देशात दशमान नाणी आली. रुपयाचे १०० भाग झाले. जुन्या पैशाशी गोंधळ नको म्हणून नव्याला नाव दिलं 'नया पैसा'. हा 'नया' १९६४ मध्ये गळला. १९५७ मध्ये 'सांगली जिल्हा' हे नावही नव्हतं बरं का. १९४९ मध्ये साताऱ्यातून वेगळा काढलेला तो 'दक्षिण सातारा' जिल्हा होता.

आता त्याच तीन भावांना नवा रुपया वाटा. प्रत्येकी ३३ नये पैसे, आणि एक पैसा मधेच पडून. तो कोणी घ्यायचा? पोरांना मी इथंच थांबवतो. रुपया तोच, भाऊ तेच. मग आधी नीट होणारी वाटणी आता का होत नाही?

कारण सोपं आहे. १९२ ला ३ ने भाग जातो, १०० ला जात नाही. दहा म्हणजे २ गुणिले ५. त्यामुळे अपूर्णांक अतिसंक्षिप्त केल्यावर ज्याच्या छेदात फक्त २ आणि ५ हेच मूळ अवयव आहेत, तो दशांशात कुठंतरी थांबतो. १६ म्हणजे चार वेळा २. त्याला चार वेळा ५ ने, म्हणजे ६२५ ने गुणलं की १०,००० होतात. म्हणून १/१६ म्हणजे ६२५/१०,०००, म्हणजेच ०.०६२५. छेदात एकदा ३ किंवा ७ घुसला की दहाच्या कुठल्याही घाताला त्यानं भाग जात नाही, आणि भागाकार चालूच राहतो.

पण हे एकतर्फी नाही. जुना रुपया पाच जणांत वाटून बघा. प्रत्येकी ३ आणे आणि २.४ पै! नवा रुपया मात्र पाचांत सरळ: २० पैसे. म्हणजे 'संपणं' किंवा 'न संपणं' हा १/३ चा दोष नाही. तुम्ही आख्ख्याचे किती भाग पाडायचं ठरवता, त्यावर ते ठरतं.

आता बाजारात या. नव्या हिशोबात एक आणा म्हणजे ६.२५ नये पैसे. पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून नियम असा होता की अर्धा किंवा त्याहून कमी तुकडा सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पूर्ण पैसा धरायचा. एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. समजा एखादी बाई एक आण्याची कोथिंबिरीची जुडी विकतेय. सोळा गिऱ्हाइकांनी सहा-सहा नये पैसे दिले तर तिच्या पदरी ९६. रुपयामागं चार पैसे गेले. उलट तीन आण्यांची वस्तू सोळा वेळा घेणाऱ्यानं ३ रुपयांऐवजी ३ रुपये ४ पैसे मोजले. ०.०६२५ हा तर थांबणारा दशांश, तरी नाण्यापेक्षा लांब असला की कुणाचं तरी जातंच. आणि मोठ्या रकमेवाल्यापेक्षा आण्या-आण्याचा व्यवहार करणाऱ्याला ते जास्त लागतं.

युरोपात दशांश अपूर्णांक लोकांपर्यंत नेले सायमन स्टेविनच्या १५८५ च्या छोट्या पुस्तिकेनं. नाणी आणि वजनमापंही दशमान व्हावीत, ही कल्पना त्यानं तेव्हाच मांडली होती. आपल्याकडं ती यायला पावणेचारशे वर्षं लागली.

आता आवर्ती का? १ ला ७ ने हातानं भागा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. बाक्या येतात १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. सातानं भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य आहेत, त्यामुळे कधीतरी जुनी बाकी परत येणारच. ती आली की सगळं चक्र पहिल्यापासून: ०.१४२८५७१४२८५७... गंमत म्हणजे १४२८५७ ला २ ने गुणलं तर २८५७१४, ३ ने गुणलं तर ४२८५७१. आकडे तेच, नुसते फिरलेले. अशा चक्रांचं वेड असलेले एक मराठी शिक्षक होते, द. रा. कापरेकर. नाशिकजवळच्या देवळालीत १९३० ते १९६२ शाळेत शिकवता शिकवता त्यांनी ६१७४ चा प्रसिद्ध शोध लावला, आणि आवर्ती दशांशांच्या चक्रांवरही लिहिलं. प्रयोगशाळा नाही, मोठं पद नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी.

"पण सर, आता आणे कुठं राहिलेत?" बरोबर. मग सातबारा काढा. जमीन हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहिलेली असते. एक हेक्टर रान तीन भावंडांत वाटलं तर प्रत्येकी ३३ आर ३३ चौरस मीटर. बेरीज ९९ आर ९९. एक चौरस मीटर उरला! एक माणूस उभा राहील एवढी जागा. गावाकडं बांधावरून कोर्टात गेलेली घरं तुम्हालाही माहीत असतील, तेव्हा हसू नका. तो मीटर कुणाच्या नावावर लावायचा, हे गणित सांगत नाही. गणित एवढंच सांगतं की तो उरणार आहे, आणि ते आधीच कळलेलं बरं. मग तो कुणाचा, हे तिघांनी बसून ठरवता येतं.

म्हणून वर्गात मी 'अंदाजे ०.३३' लिहू देत नाही. एकतर १/३ लिहा, नाहीतर तिनावर आडवी रेघ द्या. ती छोटी रेघ म्हणजे कबुली असते, की इथं अजून काही बाकी आहे.

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित: १/१२ आणि ३/१२ यातला कुठला दशांश थांबतो, आणि का? भागाकार न करता सांगायचं. उत्तर मिळालं की घरातल्या धाकट्याला समजावून बघा. त्याला पटलं, तर तुम्हाला कळलं. भेटू पुढच्या भागात!