शब्दवेध : लेणं

शेंद्र्याच्या कारखान्यांकडून जालना रस्त्याने छत्रपती संभाजीनगरात शिरून पुढे वेरूळ गाठावं, तर वाट एका जुन्या शब्दापाशी संपते : लेणं.

त्याचं मूळ संस्कृत ‘लयन’, म्हणजे विसाव्याची, लपून राहण्याची जागा. धातू ‘ली’. प्राकृतात त्याचं झालं ‘लेण’. दागिन्याचं ‘लेणं’ मात्र वेगळं. ते अंगावर घालणं या अर्थाच्या ‘लेणे’ या क्रियापदातून आलं.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने बौद्ध भिक्खूंना दिलेल्या गुहेला त्यात ‘लेण’च म्हटलंय. मुलगा ब्राह्मण म्हणून गौरवलेला, दान मात्र बौद्ध संघाला!

अशी लेणी घडली कशी? लोखंडी छिन्नीने कठीण बेसॉल्ट फुटू लागला, व्यापाऱ्यांनी आणि राजघराण्यांनी पैसा दिला, आणि पावसाळ्यात एका जागी राहणाऱ्या भिक्खूंना कायमचा निवारा मिळाला.

पुढे धर्म बदलले, शब्द टिकला. वेरूळच्या 34 प्रमुख लेण्यांत 12 बौद्ध, 17 हिंदू, 5 जैन. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात वरून खाली कोरलेलं कैलास हे तर अख्खं मंदिर. तरी आपण त्याला ‘लेणं क्रमांक 16’ म्हणतो.