आईचे आठ तास



या व्यासपीठावरून मोठमोठी पंडित मंडळी बोलून गेली आहेत. मी पंडित नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण कामगारांच्या सभांत, वाचनालयाच्या बाकावर आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर झाले. गेली तीस वर्षे जिनिंग कारखान्यांतले मजूर, हमाल आणि अलीकडे अंगणवाड्यांतल्या सेविका यांच्या संघटनेचे काम मी करीत आलो आहे. तेव्हा लढाया आणि तह यांचा इतिहास माझ्याकडून अपेक्षू नका. मी सांगणार आहे तो एका तरण्या आईच्या दिवसाचा इतिहास. ती केव्हा उठे, हातांनी काय काय घडवी आणि दोन ओळी वाचावयास तिला वेळ कोठून मिळे, एवढाच माझा विषय आहे.

गाव माझेच घेतो. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, अडाण नदीच्या काठी बोरी अरब हे गाव आहे. मुलूख कापसाचा. माझी आई लग्न होऊन तेथे आली आणि विसाव्या वर्षी तिच्या मांडीवर मी होतो. ही गोष्ट १९७० च्या आगेमागेची.

हा कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. त्याला कामगार चळवळीतूनच उत्तर देतो. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, हे आमचे जुने मागणे. इंग्लंडात रॉबर्ट ओवेनने ते मांडले. १८८६ च्या मे महिन्यात शिकागोच्या कामगारांनी त्यासाठी रक्त सांडले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना जागे केले. २४ एप्रिल १८९० च्या त्यांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पडली. ही सुट्टी आपण आजही भोगतो. पण सभेत बोललेल्या त्या दोघीजणी रविवारी घरी राहिल्या तेव्हा त्यांच्या चुलीला सुट्टी मिळाली काय? मागणे घड्याळाचे होते, आणि घरातल्या बाईच्या दिवसाला कोणी घड्याळ लावलेच नव्हते. म्हणून मी म्हणतो, आईच्या वाचनाचा इतिहास म्हणजे तिच्या तासांचा इतिहास आहे.

प्रथम माझ्या आजीचा दिवस पाहा. कोंबडा आरवण्यापूर्वी जाते सुरू होई. घरात माणसे दहा, म्हणजे ज्वारीचे दळण रोजचे आणि भरपूर. तान्हे पोर मांडीवर आडवे घेऊन, एक पाय लांब करून ती दळी. पुढे पाणी, सडासारवण, भाकरी, आणि मग शेत. निंदणाला किंवा वेचणीला जाताना पोर पाठीशी. धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्यात ते निजविले जाई. कापसाची ओटी भरली की झोळीला एक झोका, आणि परत तास धरायचा. वेचणीची मजुरी वजनावर असे. पोराला पाजण्यात जो वेळ जाई, तो वजनात तुटे. मुकादमाच्या काट्याने आईच्या दुधाचा हिशेब कधी धरला नाही.

आजीला अक्षर येत नव्हते. पण तिला वाङ्मय येत नव्हते असे कोणी म्हणेल तर मी ते मान्य करणार नाही. जात्यावर ती ओव्या म्हणे; भाऊ, माहेर, पाऊस आणि पंढरी सारे त्यात येई. या ओव्यांची योग्यता साने गुरुजींनी ओळखली आणि ‘स्त्री जीवन’ या संग्रहात त्या एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी तर याचे थोर उदाहरण. १८८० साली जन्मलेल्या, निरक्षर, तिशीतच वैधव्य आलेल्या आणि लेकरांना वाढवून शेतात राबणाऱ्या या माउलीची गाणी तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने निघाली आणि शिकलेला महाराष्ट्र थक्क झाला. ती गाणी मुलाने व आप्तांनी टिपून ठेवली नसती तर? अशा किती बहिणाबाई जात्याच्या पाळीशीच राहिल्या असतील, याचा विचार करून मन खिन्न होते.

आता अक्षराकडे वळू. ज्या वसंत व्याख्यानमालेची परंपरा आपण चालवितो, तिचा पाया न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली घातला. त्यांच्या पत्नी रमाबाई अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा निरक्षर होत्या. रानड्यांनी त्यांना शिकविले. पण घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी रमाबाईंनाच सोसावी लागली. हे त्यांनी आपल्या आठवणींत प्रांजळपणे लिहिले आहे, आणि ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. न्यायाधीशाच्या घरी ही कथा, तर कास्तकाराच्या घरी काय असेल? १९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमागे एकही साक्षर भरत नव्हती. प्रमाण होते शेकडा ०.६. पन्नास वर्षांनी, १९५१ साली, ते शेकडा ८.८६ झाले. आणि लग्ने तर बाहुल्या खेळण्याच्या वयात होत. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहा दिवसांत गेले. त्याच दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला आणि १८८६ साली अमेरिकेत तो पुरा केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरविले. ते अठरा व्हावयास १९७८ साल उजाडावे लागले. मूल वाढविणारी स्वतःच मूल असेल तर तिने पुस्तक केव्हा धरावे?

तरीही स्त्रिया वाचू लागल्या. १९३० साली किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक काढले. अशा मासिकांतून विणकामाचे नमुने येत, पाककृती येत आणि त्यांच्याच शेजारी विवाह, वारसा, संततिनियमन यांवर लेख येत. सुईदोऱ्यासाठी उघडलेल्या पानावरून कित्येकींची नजर शेजारच्या पानावर गेली. हे फार महत्त्वाचे झाले. हस्तकला आणि वाचन ही दोन वेगळी दालने आहेत असे आपण पुरुष समजतो. बाईच्या दिवसात ती एकाच फटीतून आत येतात.

माझ्या आईचे तसेच झाले. ती चौथी शिकलेली. ती सासरी आली त्याच सुमारास गावात पिठाची चक्की आली आणि जाते भिंतीला टेकले. माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या घरातली ही सर्वांत मोठी क्रांती. आजीला चक्कीचे पीठ गोड लागत नसे आणि तिच्या ओव्याही मुक्या झाल्या, हे खरे. पण आईला पहाटेचा एक तास मिळाला. तो तिने झोपेत घालविला असता तरी तिला दोष देता आला नसता. तिने काय केले? जुन्या लुगड्यांची गोधडी घातली. वर आजीचे हिरवे लुगडे, आत बाबांच्या धोतराचे पदर, कडेला लाल पट्टी. माझी कुंची, टोपडे, झबले, सारे तिच्याच हातचे. देवासाठी वाती ती घरच्या कापसाच्या वळी. आणि दुकानातून साखर, जिरे ज्या कागदाच्या पुडीत येई तो कागद ती सरळ करून उशीखाली ठेवी. मला पाजताना एका हाताने तो धरून वाची. बातमी अर्धी असे, गोष्टीचा शेवट नसे. शेवट ती स्वतः रचून मला सांगे. माझे पहिले वाचनालय ते उशीखालचे होते.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आई खडी फोडावयास गेली. याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. कामावरच्या मुलांना सावली आणि सांभाळणारे माणूस असावे, हे तत्त्व त्यात आले. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर सहा वर्षांखालील पाच मुले कामावर असली तर त्यांच्यासाठी एक बाई नेमावी असे स्पष्ट म्हटले होते. हे आकाशातून पडलेले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती भत्त्याच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे बजाविले. १९२९ साली मुंबई इलाख्यात व १९३० साली मध्यप्रांतात कायदे झाले. १९६१ साली साऱ्या देशासाठी कायदा होऊन बारा आठवड्यांची रजा मिळाली. २०१७ साली ती सव्वीस आठवड्यांची झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ साली ती मर्यादा तीसांवर आणली.

कागदावर हे सोन्यासारखे आहे. पण मी एका कारखान्यात गेलो तेव्हा हजेरीपटावर बायका बरोबर एकोणतीस होत्या, आणि सरकीच्या ढिगामागे मोजल्या तर त्रेचाळीस भरल्या. चौदा जणी कागदावर जन्मलेल्याच नव्हत्या. त्यांची लेकरे पोत्यांवर निजली होती, रुईच्या धुळीत. त्या कारखान्यात भांडून आम्ही एक खोली मिळविली. पुढच्या हंगामात तिच्यात रुईच्या गाठी भरलेल्या होत्या. पुन्हा भांडलो.

पण दुसऱ्यांची पापे सांगून मी सुटणार नाही. संघटनेची सभा मी वर्षानुवर्षे संध्याकाळी सातला बोलावीत असे. बायका येत नसत. ‘बायांना जाण नाही’ असे मीच बोललो आहे. एक दिवस एक अंगणवाडी सेविका म्हणाली, “भाऊ, सात वाजता आमच्या घरी तवा चढते. तुमच्या घरी कोण चढवते?” मी गप्प झालो. माझ्या घरी तवा बायको चढवीत होती, आणि तीही सभेला येत नव्हती.

या सेविकांचेच पाहा. एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली २ ऑक्टोबरला सुरू झाली. गावची पोरे सांभाळणे, त्यांना खाऊ घालणे, गरोदर बाईची नोंद ठेवणे, हे सारे त्या करतात. त्यांना वेतन मिळत नाही, मानधन मिळते. आईचे काम म्हणजे सेवा, आणि सेवेला दाम कसले, हा जुनाच न्याय सरकारने चालविला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला तेव्हा आमच्या कार्यालयात पेढे वाटले गेले. रकमेपेक्षा आनंद वेगळ्याच गोष्टीचा होता. पोर सांभाळणे हे काम आहे, असे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने मानले होते.

आता आजचे सांगतो. मागल्या हिवाळ्यात बोरी अरबला गेलो होतो. शेजारच्या घरी एक तरणी आई ओसरीवर बसलेली. बारावी झालेली. मांडीवर चार महिन्यांची मुलगी, बाजूला अर्धी झालेली गोधडी, आणि गुडघ्याखाली पुस्तक उघडे दाबून ठेवलेले. मी विचारले, “किती वाचून होते बाई?” ती म्हणाली, “काका, हे निजली तर दोन पानं. नाही निजली तर तेच पान दोनदा.” २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रातल्या शेकडा ७५.८७ स्त्रिया साक्षर निघाल्या. अक्षराची लढाई आपण बरीचशी जिंकली आहे. वेळेची मात्र नाही. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या दिवसाची पाहणी केली. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोजची २९९ मिनिटे जात, पुरुषाची ९७. हीच पाहणी २०२४ साली पुन्हा झाली. स्त्रीचा आकडा २८९ वर आला, म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. आणि पुरुषाचा? तो ८८ वर उतरला. आपण तिचे ओझे उचलले म्हणून तिची दहा मिनिटे सुटली, असे म्हणावयाची सोय या आकड्याने ठेवलेली नाही.

श्रोतेहो, चक्कीने माझ्या आईला एक तास दिला. नळाने दुसरा, गॅसने तिसरा दिला असेल. यंत्राकडून मिळण्याजोगे बहुतेक मिळून गेले आहे. उरलेला तास घरातल्या माणसांनी द्यावयाचा आहे. आम्ही आता संघटनेची सभा दुपारी दोनला घेतो, शेजारच्या खोलीत सतरंजी अंथरतो आणि पोरे सांभाळण्याची पाळी पुरुष कार्यकर्त्यांवर लावतो. पहिल्या सभेला माझी पाळी होती. दीड तासात तीन पोरे रडली आणि मला एक ओळ वाचता आली नाही.

म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांना एक विनंती करतो. आज या मंडपात भगिनी बऱ्याच आहेत, पण कडेवर मूल असलेली मला एकही दिसत नाही. तिला ऐकावयाचे नसेल असे मला वाटत नाही. पुढल्या वसंतात मंडपाशेजारी एक खोली ठेवा, एक सतरंजी अंथरा आणि दोघा पुरुषांची नावे पाळीला लावा. माणसे मिळाली नाहीत तर मला कळवा; मी बोरीहून येईन. आईने केलेली ती गोधडी अजून टिकून आहे. अंथरावयास तीही घेऊन येईन.